फराळाच्या डब्यांचे पैसे फलाटापर्यंत पोचवताना

इंग्लंडमधल्या मराठी मंडळाने मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांसाठी निधी गोळा करायचं ठरवलं की पहिल्या बैठकीत चर्चा होते ती फराळाची, कार्यक्रमाची आणि पदयात्रेची. पैसे कोणत्या वाटेने जाणार हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत येतो आणि खजिनदारावर सोपवला जातो. आमच्या अनुभवाने हा क्रम उलटा असायला हवा. वाट ठरली नसेल तर पत्रकावर काय छापायचं, देणगीचा अर्ज कोणाच्या नावाने भरून घ्यायचा, तिकिटाच्या पैशांचं काय करायचं, यातलं काहीच नीट ठरत नाही. मग दिवाळीत जमलेली रक्कम उन्हाळ्यापर्यंत मंडळाच्या खात्यात पडून राहते.

त्याही आधी काम समजून घ्यावं लागतं. लांब पल्ल्याच्या गाड्या जिथे संपतात किंवा रिकाम्या होतात, ती स्थानकं या मुलांची मुंबईतली पहिली जागा असते: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस, दादर, कल्याण. घरून निघून आलेलं मूल फलाटावर उतरल्यानंतरचे पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे. त्या वेळात त्याच्याशी कोण बोलतं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३१ प्रमाणे असं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनसुद्धा मुंबईतच, १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. आता ती सरकारी यंत्रणेकडे आहे. फोन असो वा नसो, रात्री अकराला फलाट क्रमांक अमुकवर जाऊन मुलाशेजारी बसणारं माणूस लागतं. त्याला पगार लागतो, त्याच्या जोडीला महिला कार्यकर्ती लागते, मुलाला गावी सोडायला दोघांचं तिकीट लागतं, आणि घरी पोचल्यावर ते पुन्हा निघून येऊ नये म्हणून तीन-चार वेळा फोन आणि भेटी लागतात.

म्हणून आवाहनात 'चादरी, वह्या, खाऊ' लिहायचा मोह आम्ही टाळला. लोक चादरीसाठी पटकन पैसे देतात हे खरं. पण चादरीसाठी म्हणून मागितलेला पैसा चादरीवरच खर्च करावा लागतो. ब्रिटनच्या धर्मादाय कायद्यात अशा निधीला बंधनयुक्त निधी म्हणतात. तो पगाराकडे वळवता येत नाही. मग मुंबईत हे काम करणाऱ्या संस्थेच्या कपाटात चादरी उरतात आणि रात्रपाळीचा कार्यकर्ता नोकरी सोडून जातो. संस्थेशी बोलून आम्ही आवाहनाचं वाक्य असं ठरवलं: 'मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील मुलांसोबत चालणाऱ्या कामासाठी, जास्त रक्कम जमल्यास किंवा हे काम थांबल्यास संस्थेच्या इतर बालकार्यासाठी.' त्यातला दुसरा अर्धा भाग अनेक पत्रकांवर नसतो. तो नसेल आणि प्रकल्प बंद पडला, तर देणगीदारांना शोधून पैसे परत करण्याची पाळी येऊ शकते.

ब्रिटनमधून या कामाला पैसा जाणं नवं नाही. डेव्हिड मेडमेंट हे ब्रिटिश रेल्वेतले वरिष्ठ अधिकारी मुंबईला आले असताना चर्चगेट स्टेशनवर त्यांना स्वतःच्या अंगावर आसूड ओढून भीक मागणारी एक लहान मुलगी दिसली. मराठी माणसाला ते दृश्य सांगावं लागत नाही. कडकलक्ष्मीचा फेरा आपण लहानपणापासून दारात पाहिलेला असतो, आणि बहुधा म्हणूनच तिथे थांबत नाही. मेडमेंट यांनी १९९५ मध्ये 'रेल्वे चिल्ड्रन' ही संस्था उभी केली. ती आज ब्रिटन, भारत आणि टांझानियात काम करते.

दोन वाटा

पहिली वाट म्हणजे ब्रिटनमध्ये नोंदणी असलेली आणि भारतातल्या संस्थेसोबत आधीपासून काम करणारी धर्मादाय संस्था. आपण तिच्यासाठी निधी गोळा करायचा, पैसे तिला द्यायचे, आणि ती ते भारतात पाठवते. फायदा असा की गिफ्ट एड, म्हणजे करदात्याच्या देणगीवर ब्रिटनचं करखातं संस्थेला देतं ती भर, मिळतं आणि पैशाचा विनियोग तपासण्याची कायदेशीर जबाबदारी तिच्याकडे जाते. तोटा असा की ती आपल्या खर्चासाठी काही भाग ठेवू शकते. किती, हे आधी लेखी विचारावं. दुसरी वाट म्हणजे मंडळाच्या खात्यातून थेट भारतीय संस्थेच्या खात्यात. मंडळ स्वतः नोंदणीकृत धर्मादाय संस्था नसेल तर या वाटेवर गिफ्ट एड नाही. भारतीय ट्रस्टला थेट दिलेल्या देणगीवर ब्रिटनचं करखातं एक पेनीही देत नाही.

कोणत्याही वाटेने गेलात तरी भारताच्या दारात एफसीआरए आहे, म्हणजे विदेशी योगदान नियमन कायदा, २०१०. २०२० च्या दुरुस्तीने तो बराच कडक झाला. बाहेरचा पैसा आता फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या, संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत उघडलेल्या एफसीआरए खात्यातच येऊ शकतो. तिथून संस्था तो आपल्या मुंबईच्या एफसीआरए खात्यात वळवू शकते, पण पहिला थांबा दिल्लीच. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे एका संस्थेने घेतलेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी. पूर्वी एखादी मोठी संस्था पैसे घेऊन चार वस्त्यांमधल्या लहान संस्थांना वाटायची. आता ते चालत नाही. म्हणून 'आमच्या ओळखीची छोटी संस्था आहे, तिला मोठ्या संस्थेमार्फत देऊ' ही सूचना आली की तिथेच थांबवावी लागते, मग ती कितीही कळकळीने केलेली असो.

संस्थेकडून आम्ही चार कागद मागतो: एफसीआरए नोंदणीचं प्रमाणपत्र, दिल्लीच्या खात्याचं बँकेचं पत्र, मागच्या वर्षाचं एफसी-४ विवरण (विदेशी निधीचा वार्षिक हिशेब), आणि मुलांना मुक्कामी ठेवत असतील तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खालची नोंदणी. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. त्यावरची शेवटची तारीख पाहून ती दिनदर्शिकेवर लिहा. आवाहन जूनमध्ये सुरू केलं आणि पैसे जानेवारीत पाठवायचे असतील, तर मधल्या काळात मुदत संपत नाही ना, हे आजच विचारायचं. नूतनीकरणाचा अर्ज अडकला की संस्था कितीही चांगली असली तरी पैसा घेऊ शकत नाही. एफसी-४ आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये 'ताजं विवरण अजून नाही' हे उत्तर योग्य असू शकतं, फेब्रुवारीत नाही.

मंडळात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पासपोर्टवरून. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, थेट दिलेली देणगी विदेशी योगदान धरली जात नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) काढलेल्या माणसाची मात्र धरली जाते. एकाच घरात नवऱ्याची देणगी देशी आणि बायकोची विदेशी असू शकते. एकदा पैसे मंडळाच्या खात्यात एकत्र झाले की हा फरक उरत नाही. सगळी रक्कम विदेशी योगदानच.

आणखी दोन सूचना दर वर्षी येतात. एक, 'कोणीतरी नाताळात भारतात जातंय, त्यांच्याकडे रोख देऊ.' नाही. दुसरी, 'माझा भाऊ तिथे रुपयांत भरेल, मी त्याला इथे पौंड देईन.' तेही नाही, कारण पैसा इथलाच असतो आणि कागदावर तो भावाचा दिसतो. पकडली जाते ती संस्था आणि नोंदणी जाते तिची. भावाला स्वतःच्या कमाईतून द्यायचं असेल तर त्याने खुशाल द्यावं आणि करसवलतीची पावती घ्यावी. जुने कपडे आणि खेळणी पाठवण्याबद्दलही हेच लक्षात ठेवा: वस्तूही विदेशी योगदानात मोजल्या जातात. त्यांची किंमत ठरवून हिशेबात दाखवावी लागते, शिवाय जकात आणि बंदरातला खोळंबा वेगळा. संस्थेने मागितल्याशिवाय वस्तू पाठवू नका.

फराळ

दीडशे डबे हा आकडा सहा घरांच्या स्वयंपाकघरांना झेपतो. दोनशेच्या पुढे गेलं की चकल्या कमी पडतात, कारण सोऱ्याला माणूस लागतो आणि चकली घाईत होत नाही. आमचा डबा: चार बेसनाचे लाडू, दोनशे ग्रॅम पातळ पोह्यांचा चिवडा, आठ चकल्या, दीडशे ग्रॅम शंकरपाळी. सहाशे लाडू चाळीस ग्रॅमचे म्हणजे चोवीस किलो मिश्रण. त्याला साडेदहा किलो जाडसर बेसन, साडेपाच किलो तूप आणि आठ किलो पिठीसाखर. एका कढईत एक किलोपेक्षा जास्त बेसन घेऊ नका. मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात. दोन किलो एकदम घेतलं की तळाचं करपतं, वरचं कच्चं राहतं, आणि कच्च्या बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो. साखर मिश्रण कोमट झाल्यावरच. गरम असताना घातली तर ती विरघळते, मिश्रण पातळ होतं आणि लाडू बसतो.

इंग्लंडच्या ऑक्टोबरमध्ये चिवड्याचा शत्रू हवेतला ओलावा आहे. उन्हात पोहे वाळवण्याचा प्रश्नच नाही. ओव्हनमध्ये शंभर अंश सेल्सिअसवर, ट्रेमध्ये पातळ पसरून, दहा-बारा मिनिटं. मध्ये एकदा हलवायचे. फोडणीत परतून झाल्यावर चिवडा पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मगच पिशवीत भरायचा. कोमट भरला तर आतल्या आत वाफ धरतो आणि दुसऱ्या दिवशी मऊ होतो. ही चूक फक्त एका घरात झाली तरी पंचवीस डबे परत येतात.

लेबलाचं काम फराळाइतकंच गंभीर आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून इथे विक्रीच्याच जागी आधी बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थावर संपूर्ण घटकयादी आणि त्यात १४ ठरावीक ॲलर्जीकारक घटक ठळक दाखवण्याचा नियम आहे. अधूनमधून धर्मादाय विक्री करणाऱ्या खासगी व्यक्तींवर त्याची सक्ती नसते, पण दीडशे डबे म्हणजे 'अधूनमधून' का, याबद्दल आम्ही स्थानिक काउन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाला आधी ईमेल केला आणि लेबल लावलंच. आपल्या फराळात यादीतले घटक अनपेक्षित जागी लपलेले असतात. शेंगदाणे आणि काजू सगळ्यांच्या लक्षात येतात. चकलीतले तीळ यादीत आहेत. चिवड्याच्या फोडणीतली मोहरी यादीत आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. भाजणीत घातलेलं लोणी म्हणजे दूध. सोनेरी बेदाण्यांत बरेचदा सल्फाइट असतं. आणि हिंग! बाजारातला बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात केलेला असतो. तांदूळ आणि डाळींच्या भाजणीची चकली आहे म्हणून कोणी तिच्यावर 'ग्लूटेनमुक्त' लिहिलं, तर सीलिॲक रोग असलेल्या माणसाला ती आजारी पाडेल. हिंगाच्या डबीवरचं लेबल वाचल्याशिवाय हा शब्द लिहायचा नाही. आम्ही तर तो लिहीतच नाही, कारण त्याच स्वयंपाकघरात शंकरपाळीचा मैदा उडालेला असतो.

डबा बारा पौंडांना. सामान, डबा, लेबल धरून खर्च पावणेपाच पौंडांच्या आसपास ठेवायचा. जिन्नस घाऊक दुकानातून एकदम आणले तरच हे जमतं. प्रत्येक घराने आपापलं आणलं की खर्च सहाच्या वर जातो. कोणाला 'सामान माझ्याकडून' म्हणायचं असेल तर त्यांनी बिल देऊन पैसे घ्यावेत आणि वाटल्यास तेवढीच देणगी वेगळी द्यावी. तसं केलं की त्या देणगीवर गिफ्ट एड मिळतं, आणि फराळाचा खरा खर्च पुढच्या वर्षीच्या मंडळींना कळतो.

कार्यक्रम आणि सोडत

हॉल घेताना तीन गोष्टी विचारा: सार्वजनिक दायित्वाचा विमा हॉलचा चालतो का मंडळाचा लागतो, संगीताचा परवाना हॉलकडे आहे का, आणि स्वयंपाकघरात तळण करू देतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा 'नाही' असतं, आणि ते वड्यांचे बटाटे उकडून झाल्यावर कळतं. अडीचशे वड्यांना बारा किलो बटाटे आणि तीन किलो बेसन लागतं. तळण बाहेर, आडोशाला करायचं असेल तर त्याची वेगळी परवानगी हवी. गरम पदार्थ ६३ अंशांवर ठेवायचा किंवा दोन तासांच्या आत संपवायचा.

सोडतीची तिकिटं फक्त कार्यक्रमाच्या जागी आणि कार्यक्रम चालू असतानाच विकली, तर जुगार कायदा २००५ खाली परवाना लागत नाही. त्यातून जास्तीत जास्त ५०० पौंड बक्षिसांच्या खरेदीला आणि १०० पौंड इतर खर्चाला वळते करता येतात. देणगीत मिळालेल्या बक्षिसांना मर्यादा नाही. पण हौसेने कोणी आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर तिकिटं विकायला सुरुवात केली की तीच सोडत वेगळ्या वर्गात जाते. मग काउन्सिलकडे लहान सोसायटी म्हणून नोंदणी लागते, त्याचं शुल्क ४० पौंड. ही नोंदणी अवघड नाही, पण आधी करायची असते.

गिफ्ट एड

आयकर भरणाऱ्या माणसाने पौंडभर देणगी दिली की ब्रिटनचं करखातं संस्थेला आणखी २५ पेन्स देतं. समजा एकूण ६,००० पौंड जमले आणि त्यातले ३,५०० गिफ्ट एडला पात्र असले, तर वरचे ८७५ पौंड कोणाच्याही खिशाला हात न लावता येतात. ती रक्कम हातची जाते ती कागदामुळे.

तिकीट ही देणगी नाही. फराळाचा डबा ही देणगी नाही. सोडतीचं तिकीटही नाही. महाराष्ट्रात नाटकाच्या मदतीच्या प्रयोगाला आपण 'देणगी प्रवेशिका' छापतो. तो शब्द इथे वापरला तरी करखात्याच्या दृष्टीने ते तिकीटच, कारण त्याशिवाय आत सोडत नाहीत. म्हणून आम्ही तिकीट स्वस्त ठेवतो, खर्च निघेल एवढंच, आणि देणगीचं आवाहन मध्यंतरात वेगळं करतो. प्रत्येक खुर्चीवर अर्ज आणि पेन ठेवलेलं असतं. पेन नसेल तर अर्ज 'घरून भरून देतो' म्हणत पिशवीत जातो आणि परत येत नाही.

अर्जावर नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड आणि करदाता असल्याची कबुली. ऑफिसचा पत्ता चालत नाही. घरात एकच जण कर भरत असेल तर देणगी त्याच्या नावाने, त्याच्या कार्डाने यावी. दोघांची नावं एका अर्जावर लिहू नयेत. विद्यार्थी व्हिसावरची, कर न भरणारी मुलं उत्साहात खूण करतात. त्यांना नीट समजावून सांगा, कारण कमी भरलेल्या कराचा फरक करखातं देणगीदाराकडून वसूल करू शकतं. आणि ऑफिसमधल्या दहा जणांकडून रोख घेऊन आपल्या कार्डाने ऑनलाइन भरणाऱ्यांनी गिफ्ट एडची खूण करायची नाही; तो पैसा त्यांचा नाही.

मध्यंतरात फिरणाऱ्या डब्यातल्या सुट्या पैशांना अर्ज लागत नाही. लहान देणग्यांसाठी वेगळी योजना आहे: प्रत्येकी ३० पौंडांपर्यंतची रोख किंवा टॅप करून दिलेली देणगी, वर्षाला ८,००० पौंडांपर्यंत, म्हणजे २,००० पौंडांची भर. मात्र हा दावा नोंदणीकृत संस्थाच करू शकते आणि तिच्या गिफ्ट एडच्या दाव्यांशी त्याचं प्रमाण बांधलेलं असतं. तिच्या हिशेबनिसाला आधी विचारा. काही संस्थांची वर्षाची मर्यादा आधीच संपलेली असते.

पदयात्रेत प्रायोजकांच्या तक्त्यावर प्रत्येकाचा पत्ता त्याच्या हाताने लिहिलेला हवा. पहिल्या ओळीत कोणी फक्त आद्याक्षर आणि शहर लिहिलं की खालचे सगळे तसंच लिहितात. म्हणून पहिली ओळ कार्यकर्त्याने स्वतः, पूर्ण पोस्टकोडसह भरून तक्ता पुढे द्यायचा. वचन दिलेले पैसे चालून झाल्यावर दोन आठवड्यांत गोळा करा. महिना गेला की मागणाऱ्याला संकोच होतो आणि देणारा विसरतो.

मुलांचे फोटो

आवाहनाच्या पत्रकावर मुलाचा चेहरा टाकायचा नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी, घरून पळून आलेल्या मुलीचा फोटो व्हॉट्सॲपवर लंडनहून सोलापूरला पोचायला दहा मिनिटं लागतात, आणि ती ज्या माणसापासून पळाली तोही त्या गटात असू शकतो. आम्ही फलाटाचं, कार्यकर्त्याच्या पिशवीचं, स्थानकावरच्या मदत कक्षाच्या पाटीचं चित्र वापरतो. देणग्या कमी येतील ही भीती पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वाटते. लोक चित्रापेक्षा 'एका रात्रपाळीला इतका खर्च' हे वाक्य जास्त लक्षात ठेवतात, असं आम्हाला दिसलं. भारतात सुट्टीवर गेल्यावर 'मुलांना भेटून येऊ' म्हणणाऱ्यांनाही आम्ही नाही म्हणतो. निवारागृह हे त्या मुलांचं घर आहे.

मोजणी

एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी, त्याच हॉलमध्ये, त्याच रात्री. डबे मोहोरबंद, त्यांवर क्रमांक. मोजलेली रक्कम कागदावर, दोघांच्या सह्या, त्याचा फोटो खजिनदाराला. नाणी बँकेच्या पिशवीत ठरलेल्या हिशेबानेच भरायची: एक आणि दोन पौंडांची वीस पौंडांची, ५० आणि २० पेन्सची दहा पौंडांची, १० आणि ५ पेन्सची पाच पौंडांची, तांब्याच्या नाण्यांची एका पौंडाची. मिसळून भरलेली पिशवी काउंटरवरून परत मिळते. गावातली शाखा बंद झाली असेल तर पोस्टात भरता येतात.

रोखीतून हॉलचं भाडं परस्पर देऊ नका. सगळं जमा आधी पूर्ण भरायचं, मग खर्च खात्यातून. तीनशे पौंड हातातून दिले आणि बाराशे भरले, तर कागदावर बाराशेच जमले असं दिसतं, आणि उरलेल्या तीनशेंबद्दल पुढच्या वार्षिक सभेत विनाकारण कुजबूज होते.

पाठवणी आणि पावती

पहिल्या वाटेने गेलात तर ब्रिटनमधल्या संस्थेला एकाच वेळी रक्कम, देणगीदारांचे अर्ज आणि 'मुंबई स्थानक कार्यासाठी' असं पत्र द्यायचं. अर्ज आणि रक्कम वेगवेगळ्या महिन्यांत पोचले की जुळवणी अडते. दावा चार वर्षांपर्यंत करता येतो, पण तोवर अर्ज कोणाच्या तरी माळ्यावर जातात.

थेट पाठवत असाल तर रक्कम हप्त्यांत पाठवू नका. प्रत्येक वेळी बँकेचं शुल्क आणि मधल्या बँकेची कपात बसते. सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे, हा पर्याय निवडायचा, म्हणजे पत्रात लिहिलेली रक्कम तिकडे पुरी पोचते. पैसे पाठवण्याची अनेक ॲप व्यक्तीकडून व्यक्तीलाच पाठवू देतात, संस्थेच्या एफसीआरए खात्यात नाही. ते आधी तपासा. लाभार्थ्याचं नाव बँकेच्या पत्रात आहे तसंच, अक्षर न अक्षर. संस्थेचं नाव बरोबर पण 'ट्रस्ट' हा शब्द राहिला, एवढ्यावरून रक्कम परत येऊ शकते, आणि परत येताना विनिमय दर बदललेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या यादीत धर्मादाय देणगीचा उद्देश-संकेतांक पी१३०३ आहे. कौटुंबिक खर्चासाठीचा पी१३०१ सवयीने निवडला जातो आणि मग दिल्लीची शाखा खुलासा मागते. मंडळाचं पूर्ण नाव, पत्ता आणि देणगीचा हेतू असलेलं सहीचं पत्र त्याच दिवशी संस्थेला ईमेल करायचं. शाखेने विचारलं की त्यांच्याकडे ते तयार असतं.

पावती आली की त्यावरचे रुपये आपण पाठवलेल्या पौंडांशी त्या दिवसाच्या दराने ताडून पाहायचे. सहा महिन्यांनी विनियोगाचा हिशेब मागायचा, आणि तो मागताना छापील अहवाल मागायचा नाही. एका पानावर तीन आकडे पुरतात: किती महिन्यांचा किती जणांचा पगार यातून झाला, किती मुलांशी बोलणं झालं, त्यातली किती घरी गेली. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा बराच लहान असतो. तो सभेत वाचून दाखवताना समितीवरच्या कोणाला तरी सांगावं लागतं की काही मुलांनी घरी न जाणंच त्यांच्या हिताचं असतं, आणि तो निर्णय बाल कल्याण समिती घेते. मग तेच पान पुढच्या जूनच्या बैठकीत सगळ्यांत आधी, फराळाच्या यादीच्याही आधी, टेबलावर ठेवायचं.